गळा जन्मतो की घडतो?

जून महिना उजाडला आणि शाळा सुरू झाल्या, की पुण्या-मुंबईपासून नाशिक, सांगली, कोल्हापूरपर्यंतच्या गानवर्गांत नव्या विद्यार्थ्यांची गर्दी होऊ लागते. सहा-सात वर्षांच्या मुलीचा हात धरून आलेली आई वर्गात शिरताच जो पहिला प्रश्न विचारते, तो बहुतेक ठिकाणी एकच असतो : ‘‘बाई, हिला गळा आहे का, ते जरा बघा ना.’’ त्यामागोमाग दुसरा प्रश्न येतो : ‘‘स्टेजवर गाण्याइतकी तयारी व्हायला किती महिने लागतील?’’

दोन्ही प्रश्न निरागस आहेत. पण ते परस्परविरोधी आहेत, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. गळा ही जन्मजात देणगी असेल, तर ती शिकवून येणार नाही; आणि गाणे ठरावीक महिन्यांत ‘तयार’ होणार असेल, तर देणगीची चौकशी करण्याचे कारण नाही. तरीही हे दोन समज हातात हात घालून नांदतात आणि त्यांची किंमत मुलांना मोजावी लागते. ज्यांच्यावर ‘गळा नाही’ असा शिक्का बसतो, त्यांचे गाणे दहाव्या वर्षीच संपते. ज्यांच्यावर ‘गळा आहे’ असा शिक्का बसतो, त्यांच्या कोवळ्या आवाजावर अपेक्षांचे ओझे लादले जाते. गाणे शिकण्याविषयीचे गैरसमज त्यामुळे केवळ कलाक्षेत्रातील चर्चेचा विषय राहत नाहीत. मुलांच्या शिक्षणाचा आणि आरोग्याचाही तो प्रश्न ठरतो.

देणगीचा निवाडा

‘मी अगदीच बेसूर आहे,’ असे सांगणारी माणसे प्रत्येक घरात सापडतात. स्वरांतील उंचसखलपणा कानाला ओळखताच न येणे, ही अवस्था खरोखरच अस्तित्वात आहे आणि ती जन्मजात असू शकते. पण ती किती जणांत आढळते? ब्रिटनमधील एका अभ्यासाच्या आधारे १९८० पासून हे प्रमाण शंभरात चार मानले जात असे. २०१७ मध्ये इझाबेल पेरेट्झ आणि डॉमिनिक वुवान यांनी हजारो लोकांच्या चाचणीवरून ते सुमारे दीड टक्का असल्याचे दाखवून दिले. याचा अर्थ, साठ मुलांच्या वर्गात असे एखादे मूल असेल तर असेल. उरलेल्यांना स्वर ऐकू येतो, वेगळा ओळखता येतो. तो गळ्यातून नेमका काढता येत नाही, इतकेच.

हा फरक मूलभूत आहे. पीटर फोर्ड्रेशर आणि स्टीव्हन ब्राउन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बेसूर गाणाऱ्या अनेकांची स्वर ओळखण्याची क्षमता इतरांसारखीच असल्याचे आढळले होते. अडचण होती ती ऐकलेल्या स्वराचे गळ्याच्या हालचालीत रूपांतर करण्यात. सायकल चालवताना तोल सांभाळणे जसे शरीराला शिकवावे लागते, तसाच हा प्रकार आहे. सायकलवरून पहिल्यांदा पडलेल्या मुलाला ‘तुला पाय नाहीत’ असे कुणी म्हणत नाही. पहिला षड्ज चुकलेल्या मुलाला मात्र ‘तुला गळा नाही’ असे सहज सांगून टाकले जाते.

आपल्या संगीताच्या इतिहासातही या समजाला छेद देणारे ठळक उदाहरण आहे. सवाई गंधर्व म्हणून ओळखले गेलेले रामभाऊ कुंदगोळकर यांचा आवाज वयात येताना फुटला, जड झाला, वळेनासा झाला. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तालमीत त्यांनी तो अक्षरशः घडवला. पुढे भीमसेन जोशी, गंगूबाई हनगळ, फिरोज दस्तूर यांसारखे शिष्य त्यांच्याकडे तयार झाले. ज्यांच्या नावाने १९५३ पासून पुण्यात महोत्सव भरतो, त्या गायकाचा गळा ‘जन्मजात’ नव्हता, याची आठवण त्या मंडपातील श्रोत्यांना क्वचितच असते.

निसर्गाचा वाटा नाकारण्याचे अर्थातच कारण नाही. स्वरतंतूंची लांबी, मुखपोकळीची घडण, आवाजाची जात हे ज्याचे त्याला मिळते. सगळेच भीमसेन होत नाहीत. परंतु उत्तम गाणे आणि सुरेल गाणे यांत फार अंतर आहे. पहिले दुर्मीळ आहे. दुसरे बहुतेकांच्या आवाक्यातले आहे.

आधी कान, मग गळा

गाणे शिकणे म्हणजे गाणी शिकणे, हा दुसरा मोठा समज. वर्गात प्रवेश घेतल्यावर तीन महिन्यांत दोन भावगीते आणि एक अभंग ‘बसला’ नाही, तर पालक अस्वस्थ होतात. सा लावून बसण्यात, पलटे घोटण्यात वेळ वाया जातो, असे त्यांना वाटते.

वास्तविक गायकाचे वाद्य इतर सर्व वाद्यांहून वेगळे आहे. सतारीचे पडदे दिसतात, पेटीच्या पट्ट्या दिसतात. स्वरयंत्र दिसत नाही आणि त्यावर बोटही ठेवता येत नाही. काळी चारमध्ये गाणाऱ्या स्त्रीचे स्वरतंतू मध्य षड्जावर सेकंदाला सुमारे २०८ वेळा कंप पावतात, तार षड्जावर त्याच्या दुप्पट. हे नियंत्रण जाणीवपूर्वक स्नायू हलवून साधत नाही. अपेक्षित स्वर मनात स्पष्ट असावा लागतो आणि निघालेला स्वर त्याच्याशी ताडून पाहणारा कान जागा असावा लागतो. त्यात आणखी एक गोम अशी की, गाणाऱ्याला स्वतःचा आवाज हवेतून तसाच कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो. ध्वनिमुद्रित केलेला आपला आवाज परका वाटतो, तो याचमुळे.

तानपुऱ्याचे महत्त्व येथे आहे. जुळलेल्या तानपुऱ्यासमोर षड्ज लावून बसलेला विद्यार्थी प्रत्येक क्षणी आपला स्वर एका स्थिर आधाराशी पडताळून पाहत असतो. पेटीवर प्रत्येक स्वर वाजवून त्याच्या पाठोपाठ गाण्याची सवय लागली, की हा पडताळा बंद होतो. कान पेटीवर सोपवून गळा मोकळा होतो. आकाशवाणीने १९४० ते १९७१ या काळात हार्मोनियमला बंदी घातली होती. त्या वादातील सर्वच मुद्दे आज पटण्यासारखे नाहीत आणि हार्मोनियमने भारतीय संगीताची मोठी सेवाही केली आहे. पण शिकण्याच्या पहिल्या टप्प्यात पेटी ही आधाराची काठी आहे. ती योग्य वेळी सोडावी लागते, हे अनुभवी शिक्षक जाणतात.

२०२० च्या टाळेबंदीत गाण्याचे वर्ग संगणकाच्या पडद्यावर आले आणि या प्रश्नाला नवे परिमाण मिळाले. आवाज पोचायला सेकंदाचा काही अंश उशीर होत असल्याने गुरू-शिष्यांना एकत्र गाता येईना. नको असलेले आवाज गाळण्याची संगणकाची सोय तानपुऱ्याचा सूरच ‘गोंगाट’ समजून पुसू लागली. परदेशातील मराठी कुटुंबांना या पद्धतीने घरबसल्या गुरू मिळाले, हा मोठाच लाभ झाला. मात्र शेजारी बसून, गुरूच्या आवाजात आपला आवाज मिसळून शिकण्याची जागा तिला घेता आलेली नाही.

उंच पट्टी, मोठा आवाज

उंच पट्टीतला आणि खणखणीत तो चांगला आवाज, ही समजूत महाराष्ट्रात खोलवर रुजली आहे. संगीत नाटकांच्या ध्वनिवर्धकविरहित काळात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणे ही गरज होती. पुढे चित्रपटसंगीताने स्त्रीच्या उंच, पातळ आवाजाला आदर्श ठरवले. आता गरज संपली, आदर्श मात्र उरला. शाळेच्या स्नेहसंमेलनात दहा वर्षांच्या मुलीला मूळ ध्वनिमुद्रिकेच्या पट्टीतच गायला लावले जाते. तार सप्तकात मान ताठ होते, शिरा फुगतात आणि टाळ्या पडतात. या टाळ्या कशासाठी आहेत, याचा विचार व्हायला हवा. ताणून, ओरडून गाण्याची सवय लागली तर स्वरतंतूंवर सूज येते, कधी बारीक गाठी होतात आणि आवाज कायमचा घोगरा होण्याचा धोका संभवतो.

गंगूबाई हनगळ यांच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिकांत बारीक, चढा आवाज ऐकू येतो. घशाच्या दुखण्यानंतर तो खाली उतरला, जवळजवळ पुरुषी झाला. प्रचलित समजुतीप्रमाणे त्यांची कारकीर्द तेथेच संपायला हवी होती. त्यांनी त्याच आवाजाला आपले केले आणि त्या भारदस्त स्वराने पुढे अनेक दशके मैफली गाजवल्या.

दमसासाविषयीही असाच गोंधळ आहे. लांब श्वास म्हणजे मोठे गाणे, असे मानले जाते. कुमार गंधर्वांना क्षयाने गाठले आणि १९४८ मध्ये हवापालटासाठी ते देवासला गेले. काही वर्षे गाणे बंद राहिले. आजारातून उठल्यावर एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालेले होते. तरीही पन्नासच्या दशकात ते मैफलीत परतले. छोट्या, धारदार स्वरवाक्यांची त्यांची गायकी ही केवळ आजाराची निष्पत्ती म्हणणे अन्यायाचे ठरेल. पण श्वासाच्या लांबीवर गाण्याची उंची ठरत नाही, याचा याहून मोठा पुरावा शोधण्याची गरज नाही. छाती फुगवून हवा भरण्यापेक्षा बाहेर सोडताना ती जपून वापरणे, हे श्वासाचे खरे शिक्षण आहे.

कुमारजींचे गुरू प्रा. बी. आर. देवधर यांनी १९२५ मध्ये मुंबईत संगीतविद्यालय काढले आणि आवाजाच्या जोपासनेचा शास्त्रीय अंगाने अभ्यास केला. डॉ. अशोक दा. रानडे यांनी तो विचार पुढे नेला. म्हणजे आवाजशास्त्राचा वारसा आपल्याकडे मराठीतच उपलब्ध आहे. तो गल्लोगल्लीच्या वर्गांपर्यंत मात्र पोचलेला नाही.

त्या ज्ञानाची जागा घरगुती पथ्यांनी घेतली आहे. दही नको, थंड पाणी नको, खडीसाखर आणि ज्येष्ठमध तोंडात असू दे, म्हणजे गळा राखला, असे मानले जाते. गिळलेला पदार्थ अन्ननलिकेत जातो, स्वरतंतू श्वासनलिकेच्या तोंडाशी असतात. गिळताना ती वाट झाकली जाते. त्यामुळे कोणताही पदार्थ स्वरतंतूंना ‘लावता’ येत नाही. घशाला बरे वाटते, हे खरे. त्याहून अधिक काही घडत नाही. आवाजाला खरोखर उपयोगी पडते ते दिवसभर पुरेसे पाणी, झोप, पित्त उसळू न देणारे वेळेवरचे जेवण आणि मैदानावर, वर्गात तासन् तास न किंचाळणे. सर्दी-खोकल्यात, आवाज बसलेला असताना गाणे थांबवणे हेही त्यात येते. ‘रियाज मोडायचा नाही’ या हट्टापायी बसलेल्या आवाजावर जोर देणाऱ्यांची संख्या कमी नाही. रियाज किती तास, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. चुकीचा स्वर चार तास घोटला, तर चूकच पक्की होते, हे त्याचे उत्तर आहे.

आवाज फुटण्याचे वय

या साऱ्या गैरसमजांचा सर्वांत मोठा फटका बसतो तो बारा ते सोळा वर्षांच्या मुलांना. या वयात मुलांचे स्वरयंत्र झपाट्याने वाढते, स्वरतंतू लांब व जाड होतात आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. मुलींतही बदल होतो. तो दोन-तीन स्वरांचा असल्याने चटकन ध्यानात येत नाही. काल सहज लागणारा तार षड्ज आज चिरकतो. घरचे म्हणतात, ‘‘याचा आवाज गेला.’’ त्यात दहावीचे वर्ष तोंडावर आलेले असते. तानपुरा कोपऱ्यात जातो आणि बहुधा तेथेच राहतो.

वस्तुतः आवाज गेलेला नसतो, तो नव्या जागी स्थिरावत असतो. या काळात पट्टी खाली आणणे, ताण न देता मंद्र-मध्य सप्तकात थोडे गाणे, ऐकणे वाढवणे, ताल पक्का करणे आणि वाट पाहणे एवढेच करायचे असते. हे पालकांना आधी सांगितले गेले, तर गाणे सोडून देणाऱ्या कितीतरी मुलांचे शिक्षण टिकेल. याउलट बालवयात स्पर्धा गाजवलेल्या मुलाला जुनीच पट्टी धरून ठेवायला लावणे, हा त्याच्या आवाजाशी केलेला अन्याय आहे.

मंच आणि गुणपत्रिका

१९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘सा रे ग म’ने दूरचित्रवाणीवरील गानस्पर्धांना प्रतिष्ठा दिली. मराठीत २००८-०९ मधील ‘लिटल चॅम्प्स’च्या पर्वाने तर घरोघरी वेड लावले. कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, मुग्धा वैशंपायन, प्रथमेश लघाटे, रोहित राऊत ही नावे सर्वतोमुखी झाली. २०२१ च्या पर्वात हीच मंडळी परीक्षकांच्या आसनावर बसली. अशा कार्यक्रमांनी लहान गावांतील मुलांना मोठे व्यासपीठ दिले, अभंग-नाट्यगीते नव्या पिढीच्या कानांवर घातली, हे श्रेय नाकारता येणार नाही.

प्रेक्षकाने त्यातून घेतलेला धडा मात्र उलटा आहे. त्याला दिसतात ती मंचावरची पाच मिनिटे. कार्तिकी किंवा आर्या यांच्या घरातच गाणे होते, कान अगदी लहानपणापासून तयार होत होते, ही मागची वर्षे पडद्यावर दिसत नाहीत. साहजिकच प्रतिभा तेथे ‘सापडते’, असा भास होतो आणि आपल्याही मुलाची ती लवकर सापडावी म्हणून धावपळ सुरू होते. शिवाय प्रसारित होणारा आवाज संस्कारित असू शकतो. स्वर दुरुस्त करणारे ‘ऑटो-ट्यून’ तंत्र १९९७ मध्ये बाजारात आले. आज ते भ्रमणध्वनीतही उपलब्ध आहे. यंत्राने निर्दोष केलेल्या गाण्याशी स्वतःच्या कच्च्या गाण्याची तुलना करून खचणारी मुले ही या काळाची निर्मिती आहे. बालकलाकारांना दिवसाला पाच तासांहून अधिक काम देता येणार नाही आणि त्यांच्या इच्छेविरुद्ध सहभागी करून घेता येणार नाही, असे २०१७ च्या बालकामगारविषयक नियमांत नमूद आहे. आठ वर्षांच्या मुलाची ‘इच्छा’ नेमकी कुणाची असते, हे मात्र नियमांना ठरवता येत नाही.

मंचाइतकाच मोह गुणपत्रिकेचा आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापले, ते संगीत घराण्यांच्या भिंतींबाहेर काढून सामान्यांपर्यंत नेण्यासाठी. त्यांच्या निधनानंतर १९३१ मध्ये उभ्या राहिलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षांनी लाखो घरांत शास्त्रीय संगीताची ओळख पोचवली. पुढे दहावीच्या परीक्षेत शास्त्रीय कलेसाठी वाढीव गुणांची सवलत मिळाली. हेतू स्तुत्य होता. परिणाम असा की, काही पालकांच्या दृष्टीने राग हा गुण मिळवण्याचा धडा झाला. ठरलेल्या ताना पाठ, रागाचे वादी-संवादी पाठ. परीक्षा झाली की वही बंद. परीक्षा अभ्यासाला शिस्त लावते, टप्पे दाखवते. ती गाता येण्याचा दाखला नव्हे, याचे भान शिक्षक, पालक आणि शासन या तिघांनाही ठेवावे लागेल.

उरलेल्यांचे काय?

मूळ प्रश्न आहे तो मंचावर किंवा परीक्षेला न जाणाऱ्या बहुसंख्य मुलांचा. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात, सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, अशी तरतूद २००९ पासून आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही २०२० मध्ये कलांना अभ्यासक्रमात मानाचे स्थान देण्याचे सांगितले. पण कलाशिक्षणाचा एकच निदेशक चित्रकलेचा असेल, तर गाण्याचा तास रिकामाच राहतो. शाळेत गाणे नसले, की ते पूर्णतः शुल्क भरणाऱ्यांच्या वर्गात जाते. आणि जेथे शुल्क भरले जाते, तेथे ‘गळा आहे का’ आणि ‘किती महिने’ हे प्रश्न अपरिहार्यपणे येतात.

महाराष्ट्राकडे याहून वेगळी, जुनी पद्धत आहे. भजनी मंडळात बसणाऱ्या मुलाला कुणी गळा विचारत नाही. तो आधी टाळ धरतो, मोठ्यांच्या आवाजात आपला आवाज मिसळतो, चुकतो, ऐकतो आणि काही वर्षांत नकळत सुरात येतो. आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेची स्थापना १९१७ मध्ये जोग महाराजांनी केली. तेथून बाहेर पडलेल्या कीर्तनकारांनीही गाण्याची ही सामुदायिक शाळा गावोगाव जागती ठेवली. तिच्यातून सगळेच गवई निघत नाहीत. पण तेथे कुणी मुके होऊन बाहेर पडत नाही. ऐकणे आधी, गाणे नंतर, निवाडा सर्वांत शेवटी, हा तिचा क्रम आहे, आणि आधुनिक आवाजशास्त्राचे निष्कर्ष त्याच्याशी जुळणारे आहेत.

हा क्रम शाळांत आणि वर्गांत आणायला फार मोठा खर्च लागत नाही. मुलांच्या पट्टीत गाऊ देणारा शिक्षक, आठवड्यातून दोन तास समूहगायन, आवाज फुटण्याच्या वयात पालकांशी एक संवाद आणि निदान पहिली दोन वर्षे मंचाची घाई न करणे, एवढ्यावर बरेच साधेल. पन्नाशीला आलेल्या गृहिणीने किंवा निवृत्त कारकुनाने गाणे शिकायचे ठरवले, तर त्यांच्या वयाची चेष्टा न करणारा समाजही त्यासाठी हवा.

जूनमध्ये गानवर्गाच्या दारात उभ्या असलेल्या आईला म्हणूनच दुसरे काही विचारता येईल. ‘‘हिला गळा आहे का?’’ याऐवजी ‘‘हिला ऐकायला काय देऊ?’’ असे तिने विचारले, तर त्या मुलीचे शिक्षण त्याच क्षणी सुरू होईल.